आयटीआयएनसाठी अर्ज कोणाला करता येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांत, तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत आणि भारतात राहून अमेरिकेशी आर्थिक संबंध असणाऱ्यांत आयटीआयएनविषयी अनेक शंका असतात. बहुतेक जण "मी या व्हिसावर आहे, मग मला आयटीआयएन मिळेल का?" असे विचारतात. हा क्रमांक केवळ व्हिसा पाहून दिला जात नाही. अर्जदाराला संघीय करासाठी क्रमांकाची गरज का आहे आणि त्याला सोशल सिक्युरिटी नंबर (नागरिकांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना मिळणारा अमेरिकी ओळख क्रमांक) मिळू शकतो का, या दोन गोष्टींवर त्याची पात्रता ठरते. पुढील उत्तरे याच क्रमाने वाचावीत.

आयटीआयएन म्हणजे नेमके काय?

आयटीआयएन म्हणजे इंडिव्हिज्युअल टॅक्सपेयर आयडेंटिफिकेशन नंबर. अमेरिकेचे करखाते, म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस किंवा आयआरएस, १९९६ पासून हा नऊ अंकी क्रमांक देत आहे आणि त्याचा पहिला अंक नेहमी ९ असतो. त्याचा उपयोग संघीय करापुरता आहे. त्यामुळे नोकरी करण्याची परवानगी मिळत नाही, व्हिसाच्या स्थितीत फरक पडत नाही, सोशल सिक्युरिटीचे लाभ मिळत नाहीत आणि अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटवरही (कमी कमाई असणाऱ्यांसाठीच्या करसवलतीवरही) हक्क सांगता येत नाही. काही बँका खाते उघडताना तो स्वीकारतात, ही त्या बँकांनी दिलेली सोय आहे. केवळ बँक खात्यासाठी आयआरएस हा क्रमांक देत नाही.

पात्रतेच्या मूळ अटी कोणत्या?

अर्जदार सोशल सिक्युरिटी नंबर मिळण्यास पात्र नसावा आणि संघीय कराच्या कामासाठी त्याला ओळख क्रमांक लागत असावा, अशा दोन अटी आहेत. अर्ज ज्या डब्ल्यू-७ या फॉर्मवर करायचा त्यात दुसऱ्या अटीची कारणे अक्षरांनुसार छापलेली असतात: विवरणपत्र भरावे लागणारा अनिवासी परदेशी, करकराराचा लाभ मागणारा अनिवासी, वास्तव्याच्या दिवसांमुळे करापुरता निवासी ठरलेला परदेशी, अमेरिकन नागरिकाची किंवा निवासी व्यक्तीची अवलंबित व्यक्ती अथवा जोडीदार, अनिवासी विद्यार्थी, प्राध्यापक किंवा संशोधक, आणि व्हिसाधारक अनिवासी व्यक्तीची अवलंबित व्यक्ती अथवा जोडीदार. यांपैकी कोणत्याही कारणात न बसणाऱ्याने "पुढेमागे उपयोगी पडेल" म्हणून केलेला अर्ज नाकारला जातो.

मला सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकतो की नाही, हे कसे ओळखावे?

नोकरी करण्याची परवानगी हा येथे सर्वांत उपयुक्त निकष आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकाला, ग्रीन कार्डधारकाला, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, काम करणाऱ्या पदवीधराला आणि विद्यापीठाच्या आवारात नोकरी मिळालेल्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसावरील) विद्यार्थ्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. त्यांनी आयटीआयएनच्या वाटेला जाऊ नये. ज्या एच-४ (एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरील) जोडीदाराकडे ईएडी, म्हणजे कामाचा परवाना आहे, त्यालाही हेच लागू होते. एल-२ (कंपनीने बदली करून आणलेल्या एल-१ धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरील) जोडीदारांच्या बाबतीत बराच गोंधळ आढळतो. नोव्हेंबर २०२१ पासून एल-१ धारकाच्या जोडीदाराला त्या दर्जासोबतच काम करण्याचा अधिकार असल्याचे मान्य झाले आहे आणि त्याच्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीवर, एल-२एस अशी नोंद केली जाते. असा जोडीदार सोशल सिक्युरिटी नंबरसाठी पात्र असतो. एल-२ वरील मुलांना मात्र हा अधिकार नाही.

सोशल सिक्युरिटीचा अर्ज प्रलंबित असताना डब्ल्यू-७ पाठवू नये. तो अर्ज नाकारला गेला, तर नकाराचे पत्र डब्ल्यू-७ ला जोडून पुढे जाता येते.

पत्नी एच-४ वर आहे आणि तिला स्वतःचे उत्पन्न नाही. तिला आयटीआयएन मिळेल का?

मिळू शकतो, पण ती पत्नी आहे एवढ्याच कारणाने नाही. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने २०१८ पासून वैयक्तिक सूट शून्यावर आणली आणि त्याबरोबर जोडीदाराला केवळ त्या सुटीसाठी क्रमांक घेण्याचा मार्गही बंद झाला. आता तिचे नाव एखाद्या प्रत्यक्ष करलाभासाठी विवरणपत्रात आलेले असावे लागते. संयुक्त विवरणपत्र हा असाच एक लाभ आहे आणि बहुतेक एच-१बी कुटुंबांच्या बाबतीत अर्जाचे कारण तेच असते.

संयुक्त विवरणपत्रासाठी दोघेही सामान्यतः करापुरते निवासी असावे लागतात. हे वास्तव्याच्या कसोटीवर ठरते: चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश व त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून किमान १८३ दिवस. समजा एखादे जोडपे प्रथमच १ सप्टेंबरला अमेरिकेत पोहोचले. डिसेंबरअखेर त्यांचे १२२ दिवस भरतात, म्हणून काही विशेष निवडी सोडल्या तर त्या वर्षी दोघेही अनिवासी राहतात, संयुक्त विवरणपत्र भरता येत नाही आणि उत्पन्न नसलेल्या पत्नीच्या अर्जाला आधार उरत नाही. पुढील वर्षी तेच जोडपे वर्षभर तेथे राहिले की ही अडचण दूर होते. पहिल्या वर्षी घाईने केलेले अर्ज नाकारले जाण्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

पत्नी अजून भारतातच आहे. तरीही तिच्यासाठी अर्ज करता येईल का?

पती करापुरता निवासी किंवा अमेरिकन नागरिक असेल, तर दोघांच्या सहीचे निवेदन जोडून अनिवासी पत्नीला निवासी मानण्याची निवड करता येते. अंतर्गत महसूल संहितेच्या कलम ६०१३(ग) मध्ये ही तरतूद आहे. अशा वेळी संयुक्त विवरणपत्र भरता येते आणि पत्नीसाठी भारतातूनही डब्ल्यू-७ भरता येतो.

येथे थोडे थांबून हिशोब करावा असे आम्ही सुचवू. ही निवड केली की दोघांचेही जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. पत्नीचा भारतातील पगार, मुदत ठेवींवरील व्याज, सदनिकेचे भाडे हे सर्व त्यात येते. भारतात भरलेल्या कराचे श्रेय (टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातून थेट वजा होणारी रक्कम) मिळू शकते, परंतु त्याचे फॉर्म वेगळे आहेत आणि निवड पुढील वर्षांनाही लागू राहते. पत्नीला उत्पन्न नसेल तर ही निवड बहुधा फायद्याची ठरते. तिला चांगला पगार असेल तर आधी दोन्ही प्रकारे आकडेमोड करून पाहावी.

मुलांसाठी अर्ज करता येतो का?

अमेरिकेत जन्मलेले मूल नागरिक असते आणि त्याला सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. त्याचा येथे प्रश्न येत नाही. भारतात जन्मलेले आणि एच-४ वर पालकांसोबत राहणारे मूल करापुरते निवासी झाले, तर अवलंबित म्हणून त्याच्यासाठी आयटीआयएन मागता येतो. त्यावर साधारणतः इतर अवलंबितांसाठीचे ५०० डॉलरपर्यंतचे श्रेय मिळते. चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी मुलाकडे नोकरीसाठी ग्राह्य असा सोशल सिक्युरिटी नंबर असणे २०१८ पासून आवश्यक आहे, म्हणून ते मोठे श्रेय आयटीआयएन असलेल्या मुलावर मिळत नाही.

आजीआजोबांकडे भारतात राहणारे, अमेरिकन नागरिक नसलेले मूल मात्र अवलंबित ठरत नाही. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा निवासी, अथवा कॅनडा वा मेक्सिकोची निवासी असावी लागते. पालकांनी तिच्या खर्चासाठी दरमहा कितीही पैसे पाठवले, तरी या अटीतून सुटका नाही.

आईवडील दरवर्षी येऊन राहतात आणि त्यांचा खर्च मीच करतो. त्यांना अवलंबित दाखवून आयटीआयएन घेता येईल का?

हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जातो, तितक्या वेळा त्याचे उत्तर "नाही" असेच निघते, परंतु कारण समजून घेणे उपयोगाचे आहे. आईवडील भारतात राहत असतील, तर मुलांच्या बाबतीतली निवासाची अट येथेही आडवी येते. ते पर्यटक व्हिसावर येत असले तरी त्यांचे दिवस वास्तव्याच्या कसोटीत मोजले जातात. दरवर्षी १२० दिवस राहिल्यास बेरीज १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८० होते आणि ते अनिवासीच राहतात. दरवर्षी १८० दिवस राहिल्यास बेरीज २७० वर जाते आणि ते निवासी ठरू शकतात.

पण निवासी ठरणे म्हणजे त्यांचे भारतातील निवृत्तिवेतन, व्याज आणि भाडे अमेरिकेच्या कराच्या कक्षेत येणे. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस राहिलेल्या व्यक्तीला भारताशी अधिक निकटचा संबंध असल्याचे फॉर्म ८८४० वर सांगून अनिवासी राहता येते. मात्र तसे केले की अवलंबित होण्याचा मार्ग पुन्हा बंद होतो. दोन्ही लाभ एकत्र घेता येत नाहीत. याशिवाय अवलंबित पालकाचे स्वतःचे करपात्र स्वरूपाचे एकूण उत्पन्न दरवर्षी ठरणाऱ्या एका छोट्या मर्यादेखाली असावे लागते आणि त्याच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भार मुलाने किंवा मुलीने उचललेला असावा लागतो. निवृत्तिवेतन घेणारे अनेक पालक या उत्पन्नाच्या अटीवरच मागे पडतात. ५०० डॉलरच्या श्रेयासाठी पालकांना अमेरिकेचे करदाते करावे का, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरता घ्यायचा आहे.

मी एफ-१ विद्यार्थी आहे आणि नोकरी करत नाही. मला अर्ज करावा लागेल का?

उत्पन्नच नसेल तर बहुधा नाही. अनिवासी विद्यार्थ्याला फॉर्म ८८४३ (वास्तव्याच्या कसोटीतून आपले दिवस वगळण्यासाठीचे निवेदन) पाठवावा लागतो, पण केवळ त्यासाठी कोणत्याही करक्रमांकाची गरज नसते. शिष्यवृत्तीचा जो भाग राहण्याजेवणासाठी असतो तो मात्र करपात्र असतो आणि त्यातून विद्यापीठ सामान्यतः १४ टक्के कर कापते. असा विद्यार्थी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी पात्र नसेल, तर विवरणपत्र भरून परतावा मागण्यासाठी आयटीआयएन घेणे योग्य ठरते. भारत आणि अमेरिका यांच्यातील करकराराच्या अनुच्छेद २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) घेता येते. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना ही सवलत नाही, त्यामुळे तिचा विसर पडू देऊ नये. अनेक विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय अर्जासाठी मदत करते; तेथे आधी विचारावे.

मी भारतात राहतो आणि अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेतले आहेत. मला आयटीआयएन लागेल का?

सहसा लागत नाही. ब्रोकर डब्ल्यू-८बीईएन हा, आपण परदेशी असल्याचे जाहीर करणारा, फॉर्म भरून घेतो आणि त्यात परदेशी करक्रमांक म्हणून आपला पॅन देता येतो. त्या आधारे भारतीय निवासी व्यक्तीच्या लाभांशावर ३० ऐवजी करारातील २५ टक्के दराने कर कापला जातो. अमेरिकेत विवरणपत्र भरण्याची वेळ आली, तर मात्र तेथे पॅन चालत नाही.

अमेरिकेतील घर विकायचे आहे, पण आम्ही आता भारतात परतलो आहोत. पुढे काय?

ज्या मालकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे, त्याचा तोच क्रमांक कायम असतो आणि तो भारतात परतल्यावरही वापरायचा असतो. ज्या सहमालकाकडे, बहुतेक वेळा पत्नीकडे किंवा आईवडिलांकडे, कोणताही क्रमांक नाही, त्याला आयटीआयएन घ्यावा लागतो. परदेशी व्यक्तीने अमेरिकेतील स्थावर मालमत्ता विकली की खरेदीदाराने सामान्यतः विक्रीच्या रकमेतून १५ टक्के कापून आयआरएसकडे भरायचे असतात. ही टक्केवारी नफ्यावर नसून रकमेवर आहे. त्यामुळे प्रत्यक्ष करापेक्षा कितीतरी जास्त पैसे अडकू शकतात. कपात कमी करून घेण्याचा ८२८८-बी हा अर्ज व्यवहाराच्या तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि त्यावर विक्रेत्याचा करक्रमांक असावा लागतो. विवरणपत्राशिवाय डब्ल्यू-७ देण्याचे जे मोजके अपवाद आहेत, त्यांत हा व्यवहार बसतो. घर बाजारात आणतानाच ही तयारी सुरू करावी.

व्हिसाची मुदत संपलेली व्यक्ती अर्ज करू शकते का?

करू शकते. डब्ल्यू-७ साठी कायदेशीर वास्तव्याची अट नाही आणि उत्पन्न असेल तर कर भरण्याचे बंधन सर्वांवर आहे. कराची माहिती कलम ६१०३ नुसार गोपनीय असते, तथापि त्या कलमात अपवाद आहेत आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रेझरी व गृहसुरक्षा खात्यांत माहिती देण्याविषयी करारही झाला आहे. अशा व्यक्तीने अर्जापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

कोणती कागदपत्रे लागतात? आधार कार्ड चालते का?

वैध पासपोर्ट असेल तर ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्ही गोष्टी त्या एकाच कागदाने सिद्ध होतात. तो नसेल तर मान्य यादीतील किमान दोन कागदपत्रे द्यावी लागतात. राष्ट्रीय ओळखपत्रावर छायाचित्र, नाव, पत्ता आणि जन्मतारखेसोबत मुदत संपण्याची तारीखही असावी अशी अट आहे. आधार कार्डावर अशी तारीख नसते, म्हणून त्यावर विसंबू नये.

अवलंबित मुलांच्या पासपोर्टवर अमेरिकेतील प्रवेशाची तारीख असावी लागते. ती नसेल तर सहा वर्षांखालील मुलासाठी अमेरिकेतील वैद्यकीय नोंद आणि त्याहून मोठ्या, अठरा वर्षांखालील मुलासाठी शाळेची नोंद जोडावी लागते. हल्ली सर्व विमानतळांवर शिक्का मारतातच असे नाही, त्यामुळे अर्ज पाठवण्यापूर्वी पासपोर्टची पाने उलटून पाहावीत.

मूळ पासपोर्ट टपालाने पाठवावाच लागतो का?

नोटरीने प्रमाणित केलेली प्रत स्वीकारली जात नाही. मूळ कागद किंवा तो देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत द्यावी लागते. मूळ पासपोर्ट कित्येक आठवडे हाताबाहेर ठेवण्याची भीती रास्त आहे. त्या काळात भारतात अचानक जावे लागले तर मोठीच अडचण होते. म्हणून दोन पर्यायांचा विचार करावा. आयआरएसच्या ठरावीक टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटरमध्ये वेळ घेऊन गेल्यास कागदपत्रे तेथेच तपासून परत देतात. दुसरा पर्याय आयआरएसने मान्यता दिलेल्या सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंटचा, म्हणजे कागदपत्रे तपासून प्रमाणित करणाऱ्या मध्यस्थाचा, आहे. आयआरएस स्वतः अर्जासाठी शुल्क घेत नाही, एजंट मात्र आपली फी घेतो. आमच्या मते प्रवासाची शक्यता असलेल्या कुटुंबाने ती फी द्यावी.

पासपोर्टवर माहेरचे नाव आहे आणि इतरत्र सासरचे. कोणते लिहावे?

फॉर्मवरील नाव सादर केलेल्या कागदपत्राशी आणि विवरणपत्रावरील नावाशी जुळले पाहिजे. जन्माच्या वेळचे नाव वेगळे असेल तर त्यासाठी फॉर्मवर स्वतंत्र ओळ आहे. पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर विवरणपत्रातही तेच लिहावे. घरात किंवा सोसायटीच्या पाटीवर कोणते नाव आहे, याला येथे महत्त्व नाही.

अठरा वर्षांखालील मुलाच्या अर्जावर आई किंवा वडील सही करू शकतात. पतीने पत्नीच्या अर्जावर सही केलेली चालत नाही. रीतसर मुखत्यारपत्र नसेल तर तिची सही तिनेच करायची असते.

अर्ज केव्हा आणि कसा पाठवावा?

अपवाद सोडले तर डब्ल्यू-७ त्या वर्षाच्या विवरणपत्रासोबतच जातो, म्हणून तो आगाऊ देता येत नाही. विवरणपत्रात त्या व्यक्तीच्या क्रमांकाची जागा रिकामी ठेवावी आणि संपूर्ण गठ्ठा नेहमीच्या पत्त्यावर न पाठवता टेक्सासमधील ऑस्टिन येथील आयटीआयएन विभागाकडे पाठवावा. हे विवरणपत्र सामान्यतः कागदावर द्यावे लागते. अर्ज विवरणपत्राच्या मुदतीत, वाढवून घेतलेल्या मुदतीसह, पोहोचला पाहिजे. क्रमांक उशिरा मागून मागील वर्षाची काही श्रेये नंतर मिळवता येत नाहीत.

सामान्यतः ७ आठवड्यांत उत्तर येते. १५ जानेवारी ते ३० एप्रिल या गर्दीच्या काळात किंवा अर्ज परदेशातून आला असेल तर ९ ते ११ आठवडे लागतात. सीपी५६५ या पत्राने क्रमांक कळवला जातो, सीपी५६६ ने अधिक माहिती मागवली जाते आणि सीपी५६७ म्हणजे नकार. सीपी५६६ ला दिलेल्या मुदतीत उत्तर दिले नाही तर अर्ज नाकारला जातो.

एकदा मिळालेला आयटीआयएन कायमचा असतो का?

नाही. सलग तीन करवर्षे तो कोणत्याही संघीय विवरणपत्रात वापरला गेला नाही, तर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्याची मुदत संपते. २०१३ पूर्वी दिलेले आणि नूतनीकरण न केलेले क्रमांकही बाद झाले आहेत. नूतनीकरण त्याच डब्ल्यू-७ वर होते आणि त्यासाठी विवरणपत्र जोडण्याची सक्ती नाही. पुन्हा विवरणपत्रात वापरायचा नसेल तर नूतनीकरण करू नये.

नंतर सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला तर आयटीआयएनचे काय करावे?

दोन्ही क्रमांक एकत्र वापरता येत नाहीत. एच-४ जोडीदाराला ईएडी मिळून सोशल सिक्युरिटी नंबर आला की त्या दिवसापासून आयटीआयएन थांबवावा आणि आयआरएसला पत्राने कळवावे. पत्रात पूर्ण नाव, पत्ता, दोन्ही क्रमांक आणि शक्य असल्यास सीपी५६५ ची प्रत द्यावी, म्हणजे आधीच्या वर्षांच्या नोंदी नव्या क्रमांकाखाली एकत्र करता येतात. बँकेला आणि नियोक्त्यालाही नवा क्रमांक कळवावा.